बोअरची जाळी कुठे आहे ते आधी सांगा

तेलगळतीवर कुणी तावातावाने बोलायला लागलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. बोअरची जाळी, म्हणजे पाण्याचे नमुने घ्यायच्या बोअरच्या पाईपचा पाणी आत घेणारा भोकांचा भाग, किती मीटरवर सुरू होते? समोरचा बघतच राहतो, त्याला वाटतं मी विषय बदलतोय. खरं तर मी विषयावर आणत असतो, कारण जमिनीत मुरलेल्या पेट्रोल-डिझेलवरचे बहुतेक वाद मी एकाच साच्यातले ऐकलेत. एक बाजू म्हणते सगळी माती उकरून न्या, थेंब शिल्लक राहता कामा नये. दुसरी म्हणते उगाच खर्च कशाला, जमिनीतले जीवाणू तेल खातात, निसर्गाला त्याचं काम करू द्या. दोघांकडे दाखले आहेत, दोघांकडे तज्ञ आहेत, आवाज तर दोघांचाही मोठा. आणि विचारलं की बाबांनो, तेल आहे कुठे, किती खोल, कुठल्या दिशेला सरकतंय, त्या वाटेवर कुणाची विहीर आहे का, की दोघंही गप्प.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. उकरायचं की निसर्गावर सोडायचं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न तपासाचा, आणि तो तपास ज्याच्याकडून गळती झाली त्याच्याच मुठीत असेल तर कुठलाही उपाय निवडा, निकाल एकच लागतो: कागदावर साफ, जमिनीत जैसे थे. निसर्गावर सोडणं मला मान्य आहे, कितीतरी जागांवर तोच शहाणपणाचा मार्ग आहे, पण हातावर हात ठेवून बसण्याला ते नाव देता येणार नाही, उलट सगळ्यात जास्त मोजमाप त्यालाच लागतं. आणि 'शून्यावर आणा' ही मागणी ऐकायला बाणेदार वाटली तरी ती ज्यांच्या नावाने केली जाते त्यांनाच पुष्कळदा भोवते.

थोडं जमिनीखाली जाऊ, कारण वाद वर चालतो आणि तेल खाली असतं. टाकीला गंज लागून भोक पडलं किंवा पाईपचा सांधा ढिला झाला की पेट्रोल खाली उतरतं, वाटेत मातीच्या फटींमधे थोडं थोडं अडकत जातं, आणि भूजलापाशी पोचलं की थांबतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. आपल्या डोळ्यासमोर डबक्यावरचा तवंग येतो पण खाली तसा सपाट थर नसतो, वाळूच्या एकेका फटीत तेल, पाणी आणि हवा अशी तिघांची दाटी असते. पावसाळ्यात पाणी चढतं, तेलाला वर ढकलतं, उन्हाळ्यात उतरतं, तेलही उतरतं, आणि दर खेपेला ते मातीला फासलं जातं. काही वर्षांत या फासण्याचा चांगला जाड पट्टा तयार होतो. बोअरमधून आलेला मातीचा गाभा प्लास्टिकच्या नळीसकट उभा चिरला की हा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो: वर तांबूस-पिवळी माती, मग एकदम राखाडी, कुठे कुठे हिरवट झाक, पेट्रोलचा असा भपकारा की मान आपोआप मागे जाते, आणि त्याच्या खाली पुन्हा मूळचा रंग. तो राखाडी रंग म्हणजे जीवाणूंनी ऑक्सिजन संपवून मातीतलं लोखंड वापरायला घेतल्याची खूण आहे. म्हणजे जीवाणूवाले चूक नाहीत, पुरावा हातात असतो. फक्त तो बघायला नळी चिरावी लागते.

या पट्ट्यातलं तेल पंप लावून उपसलं तर किती येतं? फडकं पिळल्यावर जेवढं पाणी पडतं तेवढंच, फडकं काही कोरडं होत नाही. फटींमधे चिकटून राहिलेलं तेल पंपाला दाद देत नाही, आणि तेच पुढची कित्येक वर्षं पाण्यात बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं एक विषारी रसायन, सोडत राहतं. शिवाय गळती म्हटल्यावर लोकांना कारंजं दिसतं. खरी गळती बहुतेक वेळा थेंबाची असते. सेकंदाला एक थेंब धरा, दिवसाला साधारण सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. मोठ्या टाकीत रोज काठी बुडवून पातळी बघणाऱ्याला सव्वाचार लिटरचा फरक कळतही नाही, तो मोजण्याच्या चुकीत विरघळून जातो.

आता उकरा म्हणणाऱ्यांची बाजू, आणि ती कमजोर नाही. बेंझिनने कॅन्सर होतो यात आता वाद राहिलेला नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका लिटर पेट्रोलमधे एक टक्का बेंझिन धरलं तर ते साधारण पावणेनऊ ग्रॅम होतं, भागाकार करा, जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला एवढं पुरे. (हे गणित बरोबर असूनही थोडं फसवं आहे, सगळं बेंझिन पाण्यात सारखं पसरत नाही आणि वाटेत खाल्लंही जातं, पण एका लिटरची ताकद कळायला ठीक आहे.) नायजेरियातल्या ओगोनीलँड या तेल काढल्या गेलेल्या भागावरचा युनेपचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा, २०११ चा अहवाल बघा. तिथल्या एका वस्तीत विहिरींच्या पाण्यात बेंझिन त्या मर्यादेच्या ९०० पटीहून जास्त सापडलं आणि भूजलावर ८ सेंटिमीटरचा शुद्ध केलेल्या तेलाचा थर होता. लोक ते पाणी पीत होते. तिथे उभं राहून 'निसर्ग करेल हळूहळू' म्हणायची कुणाची छाती आहे? उगम वरवरचा असेल, ताजा असेल, खणता येत असेल तर खणा, त्याच्याइतका झटपट उपाय दुसरा नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो.

आणि एक मुद्दा माती-पाण्याचा नाही, भरवशाचा आहे. लोक 'सगळं काढा' म्हणतात कारण 'थोडं राहू दे, आम्ही लक्ष ठेवतो' या वाक्यावर विश्वास ठेवून ते आधी तोंडघशी पडलेले असतात. हा राग भाबडा नाही.

पण मग उकरून काय झालं तेही बघायला हवं. कॅलिफोर्नियात अव्हिला बीच नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव होतं, टेकडीवर तेलाच्या टाक्या, खाली बंदर, आणि मधे गावाच्या मुख्य रस्त्याखालून पाईप. पाईप वर्षानुवर्षं झिरपत होते. १९८९ मधे हे बाहेर आलं, पुढे दावे, बैठका, १९९८ मधे तेल कंपनीशी समेट, आणि मग सफाई म्हणजे काय तर गावाचा मधला भाग पाडून, किनाऱ्याची वाळू खणून, ट्रकांनी वाहून नेऊन, नवी वाळू भरून, नवं गाव. माती साफ झाली. जुनी दुकानं, जुनी घरं आणि त्यातले बरेच जुने लोक परत आले नाहीत. तिथे दुसरा मार्ग होता की नाही यावर मी इथे बसून निवाडा देणार नाही, पण सफाईच्या हिशोबात गाव कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि ती खणलेली माती जाते कुठे? दुसरीकडे कुठेतरी खड्ड्यात. खणताना त्यातलं हलकं पेट्रोल हवेत उडतं, ते शेजारच्या घरांच्या नाकात जातं. खणाई इमारतीच्या पायाशी येऊन थांबते, पट्टा मात्र पायाखालून पुढे गेलेला असतो.

मला इथे नेहमी शस्त्रक्रियेचा इतिहास आठवतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने स्तनाच्या कॅन्सरसाठी जी शस्त्रक्रिया रुजवली तिच्यात स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकगठ्ठा काढायचे. तर्क बिनतोड वाटायचा: जितकं जास्त काढू तितकं कमी उरेल. पिढ्यानपिढ्या बायकांनी ते सोसलं. १९७१ पासून बर्नार्ड फिशर आणि सहकाऱ्यांनी रीतसर चाचण्या सुरू केल्या तेव्हा दिसलं की एवढं कापल्याने आयुष्य वाढत नव्हतं. गंमत म्हणजे फिशरवर टीका करणाऱ्यांना तो बेफिकीर वाटला होता. प्रत्यक्षात जास्त काळजी कोण घेत होतं? जो मोजत होता तो. तुलना पूर्ण जुळत नाही हे मला कळतं, माती म्हणजे शरीर नाही, पण 'जास्त काढलं म्हणजे जास्त बरं' हा तर्क दोन्हीकडे अगदी तोच आहे, आणि दोन्हीकडे तो तपासल्याशिवाय खरा धरला गेला.

उपसण्याचंही तसंच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत भूजल साफ करायचं म्हणजे पाणी उपसा, वर आणून शुद्ध करा, असा एकच मंत्र होता. १९९४ मधे तिथल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने अशा ७७ जागांचा आढावा घेतला, त्यातल्या ६९ जागा ठरवलेल्या पातळीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. यात फक्त पेट्रोल नव्हतं, त्याहून चिवट रसायनंही होती, तेव्हा आकडा जसाच्या तसा तेलाला लावू नका. पण पंप चालू आहे, बिल चालू आहे, वर येणारं पाणी जवळजवळ स्वच्छ आहे, आणि पंप बंद केला की काही महिन्यांत बेंझिन परत वर, हा अनुभव पुष्कळांचा आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. विष पट्ट्यात बसलंय आणि उपसतोय आपण त्याच्या कडेने वाहणारं पाणी.

म्हणजे मग निसर्गवाले जिंकले? थांबा जरा. त्यांच्याकडचा सगळ्यात वजनदार पुरावा १९९५ चा आहे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळक्या इंधन टाक्यांच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि असं दाखवलं की बेंझिनचा प्लूम, म्हणजे उगमापासून भूजलाच्या प्रवाहात पसरलेली दूषित पाण्याची शेपटी, बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबते. सरकत राहत नाही, कारण जितकं बेंझिन पुढे येतं तितकं जीवाणू खातात. आधी ऑक्सिजन वापरून, तो संपला की नायट्रेट, मग मातीतलं लोखंड, सल्फेट, आणि काहीच उरलं नाही तर मिथेन तयार करत. शिफारस अशी होती की उगम काढलेला असेल आणि जवळ कुणाची पाण्याची विहीर नसेल तर उगाच खर्च करू नका, जीवाणूंवर सोडा. अभ्यास चांगला होता, निष्कर्षही बेंझिनपुरता आजपर्यंत टिकलाय.

पण पुढच्याच वर्षी, १९९६ मधे, सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचा साधारण निम्मा पुरवठा गेला, आणि कारण होतं एमटीबीई. शिसं काढल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन राखायला आणि पुढे धूर कमी करायला घातलेलं रसायन. ते पाण्यात भरपूर विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जीवाणूंना सहजी पचत नाही, त्यामुळे बेंझिनची शेपटी जिथे थांबते तिथून हे पुढे चालू पडतं. अभ्यास बेंझिनचा होता, टाकीत मात्र बेंझिन एकटं नव्हतं. चूक कुणाची म्हणायची? मी म्हणेन चूक त्या प्रत्येकाची ज्याने तो अभ्यास वाचून 'मोजायची गरज नाही' असा अर्थ काढला.

निसर्गावर सोडण्याचं सगळ्यात बारकाईने पाहिलेलं उदाहरण म्हणजे मिनेसोटातलं बेमिजी. २० ऑगस्ट १९७९ ला तिथे कच्च्या तेलाची पाईपलाईन फुटली, साधारण १७ लाख लिटर तेल सांडलं, बरंचसं उपसलं, काही जाळलं, काही मातीसकट नेलं, तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती जागा प्रयोगशाळाच करून टाकली. इतकी वर्षं तिथले लोक एकाच तेलाकडे बघतायत, मला या माणसांबद्दल विलक्षण आदर आहे, कंटाळा हा शब्दच त्यांच्या कोशात नसावा. आणि काय दिसलं? जीवाणू खातात, हो, बेंझिन अंदाजापेक्षा खूप कमी अंतर गेलं. पण चाळीस वर्षांनंतरही तेल भूजलावर आहे. आणि खाताना जीवाणूंनी मातीतलं लोखंड विरघळवलं तेव्हा त्या लोखंडाला चिकटून बसलेलं नैसर्गिक आर्सेनिक सुटून पाण्यात आलं, प्लूममधे काही ठिकाणी १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी पट. तेलात आर्सेनिक नव्हतंच मुळी! ते जमिनीचं होतं, हजारो वर्षं गप्प बसलेलं. नुसतं बेंझिन मोजत बसलेल्याला हे कधी कळलं असतं का?

म्हणून 'निसर्ग करेल' या वाक्याला माझा विरोध नाही, पूर्णविरामाला आहे. निसर्ग काय करतोय ते दाखवा. ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट कमी झालेत का, विरघळलेलं लोखंड आणि मिथेन वाढलंय का, प्लूमच्या टोकाचं बेंझिन पावसाळा-उन्हाळा धरून चारपाच वर्षं खाली येतंय का, टोकाच्याही पुढे एक पहाऱ्याचा बोअर आहे का जो कायम कोरा येतो? असेल तर मी स्वतः म्हणेन पंप बंद करा, खोदू नका. हे काहीच नसेल तर त्याला निसर्गोपचार म्हणू नका, दुर्लक्ष म्हणा, सोपा मराठी शब्द आहे. ओगोनीलँडमधेही कागदोपत्री जी पद्धत वापरत होते तिचं नाव नैसर्गिक शुद्धीला हातभार लावणं असंच काहीसं होतं, माती वरच्यावर नांगरायची, खत घालायचं, बाकी जीवाणूंवर. युनेपच्या लोकांनी बोअर घेतले तेव्हा ४९ ठिकाणी किमान ५ मीटर खोलीवर तेल सापडलं. तेल कंपनीच्या नोंदीत सफाई पूर्ण झालेल्या ज्या १५ जागा तपासल्या त्यातल्या १० अजूनही मर्यादेच्या वर होत्या. वरची फूटभर माती नांगरून पाच मीटर खालचं तेल जाणार कसं?

इथे खरा मुद्दा येतो. तपास म्हणजे आकडा काढणं नाही, तपास म्हणजे जागा निवडणं. भूजल कुठे वाहतंय ते कळायला किमान तीन बोअर लागतात, तिन्हीतली पाण्याची उंची मोजायची तेव्हा उतार कळतो. मी अशी जागा पाहिलीये जिथे सगळे बोअर टाकीच्या वरच्या अंगाला होते, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला, आणि दर तिमाहीचा अहवाल निष्कलंक. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! नमुना घेताना बेलर, म्हणजे दोरीने बोअरमधे सोडायची नमुन्याची नळी, पाण्यात धाडकन सोडला, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू दिला, बाटली उन्हात ठेवली, की बेंझिन उडून जातं आणि लॅबचा रिपोर्ट अगदी प्रामाणिकपणे कमी आकडा देतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं. सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असतं, आणि तरी कुठेतरी पाणी मुरतं, या बाबतीत तेल.

आता यावर मला जे उत्तर मिळतं ते असं: तुम्ही तपास तपास करत बसणार, तोवर ते पसरणार, आणि तपासाच्या नावाखाली वर्षानुवर्षं टोलवाटोलवी करणं हा तर गळती करणाऱ्यांचा आवडता खेळ आहे. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो कारण तो खरा आहे. अहवालावर अहवाल, त्या अहवालावर समिती, समितीच्या सूचनेवर पुन्हा अहवाल, हे मी पाहिलंय. माझं उत्तर इतकंच की गळती थांबवणं, रिकामी करण्यासारखी टाकी रिकामी करणं, आणि कुणी ते पाणी पीत असेल तर त्याला त्याच दिवशी दुसरं पाणी देणं, यासाठी कुठल्याही तपासाची वाट बघायची नसते. ती पहिल्या तासाची कामं. तपास त्यानंतरच्या सफाईसाठी, जिथे चुकीच्या जागी घातलेला पैसा परत मिळत नाही. आणि टाळाटाळीवर औषध म्हणून तपास टाळायचा? त्याला मुदत घाला, आणि तो दुसऱ्याच्या हातात द्या.

कारण गळती करणाऱ्याच्या दृष्टीने झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रत्येक नवा बोअर म्हणजे नवं देणं अंगावर येण्याची शक्यता. त्याने चार बोअर घेतले आणि पाचवा घेतला नाही यात मला आश्चर्य वाटत नाही, आश्चर्य याचं वाटतं की आपण त्याला पाचवा कुठे घ्यायचा हे ठरवू देतो. हवाईतल्या रेड हिल या अमेरिकन नौदलाच्या इंधनसाठ्याचं बघा. दुसऱ्या महायुद्धात डोंगराच्या पोटात बांधलेल्या २० प्रचंड टाक्या, खाली साधारण १०० फुटांवर पिण्याच्या पाण्याचा साठा. २०१४ मधे एका टाकीतून हजारो गॅलन गळले होते, तेव्हापासून वाद चालूच. मग मे २०२१ मधे इंधन सांडलं, त्यातलं बरंच आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचऱ्याच्या पाईपमधे जाऊन बसलं आणि ते तिथे आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबरमधे त्या पाईपला एका गाडीचा धक्का लागला, इंधन बोगद्यात आणि तिथून पाण्याच्या विहिरीत. हजारो कुटुंबांना नळाला इंधनाचा वास यायला लागला तरी सुरुवातीला पाणी ठीक आहे असंच सांगितलं गेलं. मे महिन्यातला इंधनाचा हिशोब जुळत नव्हता, तो नीट जुळवायला बसवला असता तर? इथे जीवाणू, खणाई, पंप या कशाचाच वाद नव्हता. नुसती बेरीज-वजाबाकी होती, आणि ती करणारा माणूस टाकीवाल्याचाच होता.

अमेरिकेचीच उदाहरणं फार होतायत खरी, पण त्याचं कारण तिथे तेल जास्त गळतं असं नाही, तिथे ते लिहून ठेवलं जातं. १९८४ मधे कायद्यात दुरुस्ती करून जमिनीखालच्या टाक्यांना गळती ओळखण्याची सोय सक्तीची करायला घेतली, १९८६ मधे सफाईसाठी इंधनावरच्या छोट्या करातून निधी उभा केला, जेणेकरून मालक हात वर करून निघून गेला तरी तपास थांबणार नाही. आजवर साडेपाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झालीये आणि त्यातल्या दहात नऊ जागांचं काम संपलंय. हा आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरायचं की मोजला गेला म्हणून हायसं वाटून घ्यायचं? जिथे अशी यादीच नाही तिथे गळत्याही नसतात, कागदावर.

मला हवंय ते फार नाही. बोअर कुठे घ्यायचे ते तेलाच्या मालकाने ठरवू नये, पैसे मात्र त्यानेच द्यावेत, एका त्रयस्थ निधीत. आकडे शेजाऱ्याला मागितल्याबरोबर मिळावेत, आणि नुसते आकडे नाही, प्रत्येक बोअरची खोली, जाळीची सुरुवात आणि शेवट, आणि नमुना घेतला त्या दिवशीची पाण्याची पातळी. जागा बंद करायची तर पाणी सगळ्यात वर असतानाचं आणि सगळ्यात खाली असतानाचं, अशी दोन्ही मोजमापं असल्याशिवाय नाही.

हे जाळीचं माझ्या डोक्यात का बसलंय ते सांगतो. मी एका जागेवर नमुने घ्यायला जायचो, नाव सांगत नाही. माती वास मारायची, शेजारच्या तळघरात वास यायचा, आणि बोअर मात्र दरवर्षी कोरा. दरवर्षी पावसाळा संपल्या संपल्या मोजायचे. एकदा बांधणीचा जुना नकाशा हातात आला तेव्हा दिसलं की पाणी तेव्हा ४ मीटरवर असतं आणि पाईपची जाळी सुरू होते ६ मीटरवर. तेल पाण्याच्या डोक्यावर, म्हणजे बंद पाईपच्या बाहेर, दोन मीटर वर बसून होतं. आत यायला त्याला दारच नव्हतं. बरीच पत्रापत्री करून आम्ही हातभर अंतरावर दुसरा बोअर घेतला, जाळी ३ मीटरपासून, आणि आठवड्याने पारदर्शक बेलर सावकाश सोडून वर काढला तर खाली पाणी आणि वर वीतभर मधाच्या रंगाचं डिझेल. त्या तिमाहीच्या अहवालात दोन्ही बोअर आहेत, एकाच तक्त्यात, एकाखाली एक. जुन्यापुढे 'आढळले नाही'. नव्यापुढे १९ सेंटिमीटर.